पंपाखाली पेट्रोल मुरलंय: माती उचलायची की जागेवरच साफ करायची?

मुरूममाती:
चर्चेसाठी एक नेहमीची जागा धरू. महामार्गालगतचा जुना पंप, 20 किलोलिटरची एकपदरी टाकी, पाइपच्या जोडातून गळती. वर दीड मीटर काळी माती, खाली मुरूम, 5 मीटरवर बेसाल्ट. पाणी पावसाळ्यानंतर 3 मीटरवर, मेमध्ये 9 मीटरवर. उताराला 60 मीटरवर पिण्याची विहीर.

माझं मत: खणा आणि मोकळे व्हा. टाकी रिकामी करून नायट्रोजन सोडायचा, बाष्प खालच्या स्फोटमर्यादेच्या (हवेतली वाफ पेट घेऊ शकते ते सर्वांत कमी प्रमाण) 10 टक्क्यांखाली आल्याशिवाय कटर लावायचा नाही. 12 × 8 × 4 मीटरचा खड्डा म्हणजे 384 घनमीटर, सुमारे 650 टन. चारही भिंती आणि तळ तपासायचे: पिशवी मातीने अर्धी भरून तोंड बांधायचं, दहा मिनिटांनी पीआयडीची (पेट्रोलची वाफ मोजणाऱ्या हातातल्या यंत्राची) नळी आत घालायची. आकडा चढा असेल तिथे आणखी खणायचं, उतरला की प्रयोगशाळेला नमुना. घातक ठरलेली माती रांजणगाव किंवा तळोज्याच्या घातक कचरा केंद्राला. महिन्याभरात काम संपतं. जमिनीतली हवा ओढून जागेवरच साफ करणारे ब्लोअरवाले दोन-दोन वर्षं भाडं लावतात.

बोअरलॉग:
तुमचा खड्डा 4 मीटरवर थांबला आणि पाणी फिरतंय 3 ते 9 मीटरमध्ये. पेट्रोल पाण्यावर तरंगतं, पातळीबरोबर वर-खाली होतं आणि त्या सहा मीटरच्या पट्ट्यात सगळीकडे चिकटून बसतं. त्यातला बराचसा भाग बेसाल्टच्या सांध्यांत आहे, तिथे जेसीबीचा दात लागत नाही. शिवाय कॅनोपीच्या खांबाच्या पायापासून 45 अंशांची रेघ काढून बघा, खणायला किती जागा उरते ते.

पेट्रोल उडतं, म्हणून बोअर मारून जमिनीतली हवा ओढा. बोअरमध्ये 4 इंची स्लॉटेड (चिरांची जाळी असलेला) पीव्हीसी पाइप, भोवती खडी, वर बेंटोनाइटची (फुगणाऱ्या चिकणमातीची) बूच, मग पाणी अडवणारा ड्रम, ब्लोअर आणि शेवटी वाफ शोषणारा कार्बन. पेट्रोल संपत आलं की प्रवाह कमी करायचा, बाकीचं जिवाणू खातात. एक किलो पेट्रोल कुजायला तीन-साडेतीन किलो प्राणवायू लागतो. तो पाण्यातून द्यायचा तर लिटरमागे 8 मिलिग्रॅमच्या हिशेबाने 375 घनमीटरच्या वर पाणी लागेल. हवेतून बारा-तेरा घनमीटरमध्ये भागतं.

मुरूममाती:
कागदावर छान. टाकीच्या खड्ड्यात वाळू भरलेली असते हे विसरलात. ब्लोअर चालू केला की हवा त्या वाळूतून आणि पाइपांच्या चरांतून येते, मुरमाला शिवतसुद्धा नाही. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, वरून थेट हवा शिरते. पावसाळ्यात तीच फुगून घट्ट होते आणि पाणी पाइपच्या जाळीपर्यंत चढून ड्रम भरतो. जुलै ते ऑक्टोबर यंत्र बंद. आणि डिझेलही गळलं असेल तर नुसतं ओढून ते उडत नाही.

बोअरलॉग:
म्हणून ब्लोअर घ्यायच्या आधी चाचणी घ्यायची असते. बोअरपासून 3, 6 आणि 10 मीटरवर निर्वातमापक लावा, ओढ कुठवर पोचते ते कळतं. वाळूकडचा मापक हलला आणि मुरमातला ढिम्म राहिला तर हवा ओढायचा बोअर दुसरीकडे. भेगांवर जाड प्लास्टिक नाहीतर काँक्रीट. हे न करता यंत्र बसवलं तर पद्धतीला का बोल लावायचा?

पाणवठा:
दोघं टाकीभोवतीच फिरताय. पिण्याच्या विहिरीचं काय? पेट्रोलमध्ये 1 टक्का बेंझिन चालतं. अशा पेट्रोलला टेकलेल्या पाण्यात लिटरला 20 मिलिग्रॅमच्या आसपास बेंझिन उतरतं. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा 0.01. त्यात आता ई-20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. जिवाणू आधी इथेनॉलवर पडतात, प्राणवायू संपवतात, बेंझिन तसंच पुढे सरकतं.

पहिल्या दिवशी विहिरीचा उपसा बंद आणि गावाला टँकर. मग मधल्या वाटेत बोअर मारून पाणी उपसा आणि एकामागे एक दोन कार्बन ड्रममधून काढा. पहिल्यातून बेंझिन सुटलं की दुसरा पुढे आणा, नवा मागे लावा. लोह असेल तर आधी हवा देऊन गाळा, नाहीतर कार्बन महिन्यात गच्च.

बोअरलॉग:
उपसा हळू ठेवा. जोरात ओढलं तर पातळी खचते, तरंगतं पेट्रोल खालच्या कोरड्या झालेल्या थराला चिकटतं. आणि बोअर मारताना लाल बोलचा (बेसाल्टच्या दोन थरांमधल्या लाल चिकणमातीचा) थर फोडू नका. त्या चिकणमातीने खालचा जलधर वाचवलेला असतो. फोडलाच तर केसिंग घालून सिमेंट भरल्याशिवाय पुढे जायचं नाही.

रसायनी:
जमिनीत हायड्रोजन पेरॉक्साइड सोडून पेट्रोल तिथेच का मोडू नये? आठवड्यात निकाल लागतो.

मुरूममाती:
पेरॉक्साइड-लोहाच्या अभिक्रियेला साधारण 3 सामू (पीएच) लागतो. काळ्या मातीतले चुनखडे आम्ल खाऊन टाकतात. वर उष्णता आणि प्राणवायू सुटतो, तोही पेट्रोलच्या वाफेत. टाकीपाशी तर नकोच.

पाणवठ्यांशी सहमत, विहीर आधी. पण टाकीखालची पेट्रोलने निथळणारी माती ठेवून वर्षानुवर्षं पाणी उपसण्यात काय हशील? तेवढी तरी उचला.

बोअरलॉग:
टाकी काढताना हाताला लागते तेवढी उचला, हरकत नाही. पण काम संपलं हे मातीच्या नमुन्यावर ठरवू नका. निरीक्षण बोअरची जाळी 2 ते 10 मीटर हवी. 5 पासून सुरू केलीत तर पावसाळ्यात पेट्रोल जाळीच्या वर राहतं, अहवालात 'आढळले नाही' येतं. पाणी चढलं की बरंच पेट्रोल मुरमात पाण्याखाली अडकतं, बोअरमध्ये तरंगत्या पेट्रोलचा थर पातळ दिसतो. मेमध्ये पातळी उतरली की पुन्हा जाड.

पाणवठा:
म्हणजे ऑक्टोबरच्या अहवालावर विहीर उघडू नये, एवढं तरी दोघांना मान्य?

मुरूममाती:
मान्य. मेची मोजणी हवी, आणि तीही ब्लोअर बंद करून दोन-तीन महिन्यांनी. चालू यंत्रावर घेतलेला आकडा मी धरत नाही.