नवा लॅपटॉप वारंवार आपोआप पुन्हा सुरू होतो : वीज, ओलावा की यंत्रातील दोष?

समुद्रकाठ (दापोली तालुका)

नमस्कार. मी दापोली तालुक्यातील किनाऱ्यावरच्या एका वाडीत राहतो आणि आंबा-काजूच्या काही बागायतदारांचे हिशेब व जीएसटीची विवरणपत्रे तयार करण्याचे काम घरूनच करतो. चार आठवड्यांपूर्वी विंडोज ११ आणि १६ जीबी मेमरी असलेला नवा लॅपटॉप घेतला. पहिल्या आठवड्यापासूनच तो दिवसातून दोन-तीन वेळा काहीही सूचना न देता पुन्हा सुरू होतो. पडदा क्षणात काळा होतो, कंपनीचे चिन्ह दिसते आणि दोन मिनिटांनी मी पुन्हा पासवर्डच्या पडद्यापाशी येतो. एकदा विवरणपत्राच्या शेवटच्या दिवशी तीन तासांचे काम असे गेले. त्या दिवशी ज्यांचे विवरणपत्र उशिरा भरले गेले त्यांना विलंबशुल्क भरावे लागले, याचे मला फार वाईट वाटले.

पाऊस सुरू झाल्यापासून आमच्याकडे वीज सतत येते-जाते. घर जांभ्याचे आहे, हवेत खारा ओलावा आहे आणि लॅपटॉपच्या धातूच्या कडेला हात लागला की कधीकधी झिणझिण्या येतात. त्यामुळे घरातील सर्वांचे मत असे की दोष विजेचा किंवा हवेचा आहे. लॅपटॉपच्या कंपनीच्या दूरध्वनी-केंद्राने सर्व माहिती पुसून विंडोज नव्याने बसवण्यास सांगितले. तेही मी एकदा केले, पण तिसऱ्या दिवशी तोच प्रकार झाला. वीज सुधारावी, यंत्र परत करावे की आणखी काही तपासावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

वायरमन (कुडाळ)

आपण झिणझिण्यांचा उल्लेख केला म्हणून आधी त्याविषयी लिहितो, कारण तो प्रश्न लॅपटॉपपेक्षाही माणसांच्या सुरक्षिततेचा आहे. अॅडॉप्टरच्या आतील रचनेमुळे धातूच्या आवरणावर अत्यल्प गळती-प्रवाह येतो आणि घराची अर्थिंग नीट असेल तर तो तीन पिनांच्या अॅडॉप्टरमधून जमिनीत निघून जातो. आपल्या कोकणात जांभा अगदी वरच्या थरात लागतो. अर्थिंगचा खड्डा पुरेसा खोल घेतलेला नसतो, आणि उन्हाळ्यात तो कोरडा पडला की नावालाच उरतो. परवानाधारक वायरमनकडून न्यूट्रल (विजेची परतीची तार) आणि अर्थ यांच्यातील व्होल्टेज मोजून घ्यावे. ते दोन-तीन व्होल्टांपेक्षा जास्त भरले तर अर्थिंग दुरुस्त करून घेतल्याशिवाय राहू नये.

मात्र लॅपटॉप पुन्हा सुरू होण्याचे कारण हेच असेल, असे मला ठामपणे म्हणवत नाही. बहुतेक अॅडॉप्टरांवर १०० ते २४० व्होल्ट असे छापलेले असते, म्हणजे आपल्याकडचे २३० व्होल्ट पुष्कळ खाली आले तरी अॅडॉप्टर काम करीत राहतो. तो बंद पडला तरी आत बॅटरी असतेच. आपण एक सोपी परीक्षा करावी : बॅटरी पूर्ण भरून, अॅडॉप्टर भिंतीपासून काढून, दोन दिवस फक्त बॅटरीवर काम करावे आणि संपत आली की काम थांबवून भरून घ्यावी. भिंतीशी काहीही संबंध नसताना यंत्र पुन्हा सुरू झाले, तर घरची वीज आणि इन्व्हर्टर या प्रकरणातून सुटले.

तांत्रिक (चिपळूण)

वायरमन यांनी सांगितलेली परीक्षा अवश्य करावी. मी चिपळूणला संगणक-दुरुस्तीचे काम करतो. जुलै २०२१ च्या पुरानंतर ओलाव्याने बिघडलेली यंत्रे इतकी हाताखालून गेली की त्या बिघाडाची चाल आता ओळखीची झाली आहे. आधी कीबोर्डच्या काही कळा चालेनाशा होतात, चार्जिंगची जागा हिरवट पडते, आणि बिघाड आठवड्या-आठवड्याने वाढत जातो. चार आठवड्यांच्या, घरात वापरल्या जाणाऱ्या यंत्रात पहिल्याच आठवड्यापासून हा त्रास आहे, त्यामुळे खाऱ्या हवेवर दोष टाकणे मला पटत नाही. उष्णतेने यंत्र स्वतःला वाचवते तेव्हा ते बहुधा पूर्ण बंद होते, लगेच पुन्हा सुरू होत नाही. त्यामुळे तीही शक्यता मागे ठेवतो.

माझे आग्रहाचे सांगणे असे की अंदाज बांधण्याआधी यंत्राने स्वतः लिहून ठेवलेली नोंद वाचावी. स्टार्ट मेनूत ‘इव्हेंट व्ह्यूअर’ शोधून ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखालील ‘सिस्टीम’ उघडावे. तिथे ‘कर्नल-पॉवर’ या नावाची, ४१ क्रमांकाची नोंद सापडेल. ती पाहून अनेक जण वीजपुरवठाच दोषी ठरवतात, पण तिचा अर्थ एवढाच आहे की मागच्या वेळी यंत्र रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाले. खरी माहिती त्या नोंदीच्या ‘डिटेल्स’ भागातील ‘बगचेककोड’ या ओळीत असते. तिथे शून्य असेल तर विंडोजला काही लिहिण्याची सवडच मिळाली नाही, म्हणजे वीज अचानक तुटली किंवा यंत्र गोठले. शून्याखेरीज आकडा असेल, तर विंडोज स्वतः चूक ओळखून थांबले आहे. त्याच वेळेच्या आसपास १०७४ क्रमांकाची नोंद असेल तर मात्र अद्ययावतीकरणाने किंवा एखाद्या प्रोग्रामने मुद्दाम यंत्र पुन्हा सुरू केले, असे समजावे.

दुसरी गोष्ट, चूक झाल्यावर दिसणारा निळा पडदा (नव्या आवृत्त्यांत तो काळा असतो) आपल्याला दिसत नाही, कारण विंडोज तो क्षणभर दाखवून लगेच पुन्हा सुरू होते. ‘सिस्टीम प्रॉपर्टीज’मधील ‘अॅडव्हान्स्ड’ भागात ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’च्या सेटिंग्ज उघडून ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’समोरची खूण काढावी. मग तो पडदा वाचण्यापुरता टिकेल.

निदान चार-पाच नोंदींचे आकडे इथे लिहावेत. आणि एक नेमका प्रश्न : १६ जीबी मेमरी कारखान्यातूनच आली होती, की दुकानात वाढवून घेतली?

समुद्रकाठ (दापोली तालुका)

दोघांचे मनःपूर्वक आभार. बॅटरीवर काम करताना पहिल्याच संध्याकाळी, अॅडॉप्टर भिंतीपासून काढलेला असताना, लॅपटॉप दोनदा पुन्हा सुरू झाला. वीज सुटली. अर्थिंगचे काम मी वेगळे करून घेत आहे. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात अकरा व्होल्ट भरले.

४१ क्रमांकाच्या पाच नोंदींतील आकडे अनुक्रमे २६, ८०, १०, २६ आणि पुन्हा ८० असे आहेत. १०७४ ची नोंद त्या वेळांच्या जवळपास एकही नाही. मेमरीविषयी आपण विचारलेत ते बरे झाले. मूळ यंत्रात ८ जीबी होती आणि आणखी ८ जीबीचे मॉड्यूल (मेमरीची पट्टी) दुकानदाराने विकतानाच बसवून दिले. बिलावर मात्र ‘लॅपटॉप, १६ जीबी’ एवढेच लिहिले आहे, म्हणून ही गोष्ट माझ्या लक्षातून गेली होती.

तांत्रिक (चिपळूण)

आता चित्र बरेच स्पष्ट झाले. ते आकडे दशमान पद्धतीत आहेत आणि विंडोजच्या चुकांची यादी षोडशमान पद्धतीत (दहाऐवजी सोळाच्या पटीत, जिथे दहासाठी ‘ए’ लिहितात) लिहिलेली असते, म्हणून आकडा जसाच्या तसा शोधला तर भलतेच उत्तर मिळते. २६ म्हणजे षोडशमानात १ए, अर्थात मेमरीच्या व्यवस्थापनातील चूक. ८० म्हणजे ५०, ज्यात विंडोज मेमरीतील जे पान (माहितीचा तुकडा) मागते ते जागेवर सापडत नाही. १० म्हणजे ए, ज्यात एखादा ड्रायव्हर (यंत्राचा एखादा भाग चालवणारा प्रोग्राम) नको त्या वेळी नको त्या पत्त्याला हात घालतो. सदोष ड्रायव्हर असता तर बहुधा एकच आकडा पुन्हा पुन्हा आला असता. आकडे बदलतात आणि सर्व मेमरीभोवती फिरतात, म्हणजे संशय मेमरीच्या मॉड्यूलवरच येतो. विंडोज नव्याने बसवूनही फरक पडला नाही, हेही याच्याशी जुळते.

रात्री ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ चालवावे. चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून ‘एक्स्टेंडेड’ प्रकार निवडावा आणि यंत्र पहाटेपर्यंत राहू द्यावे. दोष सापडला तर निकाल पक्का मानावा, पण दोष सापडला नाही म्हणून मेमरी निर्दोष ठरत नाही. काही चुका तापल्यावर किंवा विशिष्ट क्रमाने वाचतानाच उमटतात.

त्यानंतर मॉड्यूल एकेक करून तपासावे, पण एका वेळी एकच बदल करावा. आधी दुकानात बसवलेले मॉड्यूल काढून फक्त मूळ मॉड्यूलवर काही दिवस काम करावे. मग वाढवलेले मॉड्यूल एकटे, मूळ मॉड्यूलच्या जागी बसवून चाचणी घ्यावी. त्याच जागेत मूळ मॉड्यूल नीट चालते आणि नवे चुकते, असे दिसले तर दोष जागेचा किंवा मदरबोर्डचा (यंत्रातील मुख्य सर्किटपट्टीचा) नाही, हे सिद्ध होते. दोन्ही एकेकटी निर्दोष चालून एकत्र चुकत असतील, तर त्यांची जुळणी होत नाही असे समजून एकाच मेकची, एकाच वेगाची जोडी घ्यावी.

हे काम घरी पहिल्यांदाच करू नये. आतील बॅटरीची जोडणी सोडवावी लागते, आणि काही कंपन्यांच्या हमीच्या अटी झाकण उघडण्याविषयी वेगळ्या असतात. त्याच दुकानात, आपल्यासमोर करवून घ्यावे. जाण्यापूर्वी सर्व हिशेबांची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी आणि बिटलॉकरची (विंडोजमधील ड्राइव्ह कूटबद्ध करणाऱ्या सोयीची) रिकव्हरी की, म्हणजे ती उघडण्याचा क्रमांक, कागदावर उतरवून ठेवावी, कारण नव्या यंत्रांत ड्राइव्ह अनेकदा आपोआप कूटबद्ध झालेली असते आणि दुरुस्तीनंतर ती की मागितली जाऊ शकते.

ग्राहक (रत्नागिरी)

तांत्रिक भाग चिपळूणच्या सदस्यांनी पूर्ण केला आहे, म्हणून मी बिलाविषयीच लिहितो. लॅपटॉपच्या कंपनीची हमी दुकानात वाढवलेल्या मॉड्यूलला सहसा लागू नसते. त्याची हमी मॉड्यूलच्या उत्पादकाची असते आणि ती मिळवण्यासाठी त्याचा अनुक्रमांक बिलावर असावा लागतो. दुकानदाराकडून दुरुस्त बिल मागून घ्यावे. एकत्र विकलेल्या वस्तूत दोष निघाल्यास विक्रेत्याचीही जबाबदारी असते. त्याने टाळाटाळ केल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे मुंबईला हेलपाटे घालण्याची गरज नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. मात्र हे सर्व नंतरचे. आधी चाचणीचा निकाल छायाचित्रासह दुकानदारापुढे ठेवावा, कारण पुरावा समोर असला की बहुतेक व्यापारी वाद वाढवत नाहीत.

समुद्रकाठ (दापोली तालुका)

सर्वांना कळवण्यास आनंद होतो की दोष सापडला. रात्रीच्या चाचणीत हार्डवेअरचा दोष असल्याची सूचना आली आणि तिचे छायाचित्र घेऊन मी दुकानात गेलो. वाढवलेले मॉड्यूल काढल्यावर मूळ ८ जीबीवर लॅपटॉप नऊ दिवस एकदाही पुन्हा सुरू झाला नाही, ऐन पावसात, वीज दिवसातून सहा-सात वेळा जात असतानाही. नंतर दुकानात काढलेले मॉड्यूल एकटे मूळ जागेत बसवून पाहिले, तेव्हा विंडोज पूर्ण सुरू होण्याआधीच २६ हा आकडा पुन्हा आला.

दुकानदाराने कोणतीही खळखळ न करता मूळ मॉड्यूलशी जुळणारे दुसरे मॉड्यूल दिले आणि नव्या बिलावर त्याचा अनुक्रमांक वेगळ्या ओळीत लिहून दिला. मी ते बसवून आधी दोन रात्री चाचणी चालवली आणि मगच हिशेब उघडले. अर्थिंगचा नवा खड्डा परसात, विहिरीच्या ओलाव्याजवळ घेतला. आता न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात दीड व्होल्ट भरतो आणि झिणझिण्या थांबल्या आहेत. ज्या बागायतदारांना माझ्यामुळे विलंबशुल्क भरावे लागले, त्यांची रक्कम मी या महिन्याच्या माझ्या मेहनतान्यातून वळती केली आहे.