'संयुक्त फल' : इथे 'संयुक्त' हा शब्द चालतो का?

कृष्णाकाठ, सांगली : अकरावीच्या मुलांना गणित शिकवतो. फल म्हणजे फंक्शन, एक संख्या घातली की ठरलेलं एकच उत्तर देणारा नियम. एका फलाचं उत्तर दुसऱ्या फलात घालायचं, ते 'संयुक्त फल'. पण 'संयुक्त' म्हटलं की मुलं दोन्ही फलांची बेरीज नाहीतर गुणाकार करून मोकळी होतात. दुसरा शब्द सुचवा.

जुनी पाटी : काहीही करा, 'संमिश्र' नको. तो संमिश्र संख्यांनी (कॉम्प्लेक्स नंबर) केव्हाच अडवलाय.

हळदबाजार : सर, शब्द राहू द्या, उदाहरण बदला. पावसाळ्यात सांगलीत "आयर्विनला किती फूट?", म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी किती, हे पोरासोरांनाही विचारता येतं. इशारा पातळी 40 फूट, धोका पातळी 45. दोन आलेख काढा. पहिल्यात आडव्या अक्षावर तास, उभ्यावर पातळी. दुसऱ्यात आडवी पातळी, उभी पाण्यात गेलेली घरं.

मुद्दाम सोपे आकडे घेऊ : पाणी 38 फुटांवर आहे आणि तासाला अर्धा फूट चढतंय. 40 फुटांपर्यंत एकही घर बुडत नाही, पुढे दर फुटाला 60 घरं. दहा तासांनी पातळी किती? पहिल्या आलेखाच्या उभ्या अक्षावर 43. तोच 43 दुसऱ्या आलेखाच्या आडव्या अक्षावर न्यायचा. वर 180 घरं. हे उभ्यावरून आडव्यावर जाणं मुलांच्या बोटांनी करून घ्या, बेरीज करायचं कुणाच्या डोक्यातही येणार नाही. तास आणि घरं यांचा थेट आलेख काढलात तर चार तासांपर्यंत रेघ शून्यावर झोपलेली, मग तासाला 30 घरांनी वर. क्रम उलटा करून बघा म्हणावं : 180 घरं 'तास' म्हणून घालायची? एककंच भांडायला उठतात.

जुनी पाटी : म्हणजे 'संयुक्त'मध्ये नेमका क्रमच हरवतो. दोघं बरोबरीनं एकत्र आले असं वाटतं, जसं संयुक्त महाराष्ट्र समिती. वर्गात 'फलाचं फल' म्हणा, आतलं आधी, बाहेरचं नंतर. पेपरात मात्र 'संयुक्त'च लिहायला लावा, गुण कशाला घालवायचे.

हरिपूरचा घाट : एक शंका. 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. ओसरताना पुलाजवळ पुन्हा 43 झालं, तरी सखल भागात तुंबलेलं पाणी लगेच निघत नाही. म्हणजे 43 ला चढताना घरं एक, उतरताना वेगळी. एका पातळीला दोन उत्तरं! मग दुसरं फल फल तरी राहिलं का? पातळीचं कोयनेच्या विसर्गाशी नातंही असंच ढिलं, कारण खाली वारणेचा फुगवटा असतो.

हळदबाजार : बरोबर पकडलंत. घरांचं फल चढत्या पाण्यापुरतंच धरायचं, ओसरत्या पाण्याला दुसरं घ्यायचं. प्रांत, म्हणजे फलात काय काय घालायची मुभा आहे, ते आधी ठरवा, नाहीतर 'फलाचं फल' म्हणायलाही जागा नाही.

कृष्णाकाठ, सांगली : उद्या तासाला दोन्ही आलेख फळ्यावर शेजारी काढतो. 'फलाचं फल' बोलताना, 'संयुक्त फल' वहीत.