पाच महिन्यांच्या बाळाला इसब, रात्रभर खाज आणि झोपमोड : सल्ला हवा आहे

गोदाकाठ :

नमस्कार. आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. नाशिकला थंडी पडू लागली तेव्हापासून तिच्या दोन्ही गालांवर लालसर, खरखरीत चट्टे उठले आणि हळूहळू तसेच चट्टे पोटऱ्यांवर व हातांच्या बाहेरच्या बाजूला दिसू लागले. लंगोटाची जागा मात्र स्वच्छ आहे. दिवसा ती हसतखेळत असते, परंतु रात्री अकराच्या सुमारास मान वळवून गाल गादीवर घासू लागते, मुठी तोंडावर चोळते, किरकिरत उठते आणि अंगावर घेतल्याशिवाय शांत होत नाही. बालरोगतज्ज्ञांनी हे इसब असल्याचे सांगून एक मॉइश्चरायझर आणि चट्ट्यांसाठी १ टक्का हायड्रोकॉर्टिझोनचे मलम लिहून दिले आहे. मलमात स्टेरॉइड आहे हे कळल्यापासून घरात ते लावायला कोणी तयार नाही.

सासूबाई आणि मालिश करायला येणाऱ्या मावशी यांचे म्हणणे असे की मोहरीचे तेल कोमट करून जिरवावे, डाळीच्या पिठाने अंग चोळावे आणि अंघोळीनंतर धुरी द्यावी. शेजारच्या काकूंनी औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणून दिली आहे. त्यांच्या नातवाचे चट्टे तिने दोन-तीन दिवसांत गेले म्हणे. शिवाय मी दूध, अंडी आणि वांगे सोडावे असा आग्रह आहे, तो वेगळाच. यातले काय करावे, काय टाळावे आणि रात्री ती उठल्यावर तिला आराम कसा द्यावा, हे अनुभवी मंडळींनी कृपया सविस्तर लिहावे.

माजघर :

मी स्वतः आजी आहे आणि तुमच्या सासूबाईंच्या बाजूने लिहायला बसले होते, पण अर्ध्याच गोष्टी त्यांच्या बाजूने लिहिता येतील. मालिश बंद करण्याचे कारण नाही. बाळाला ती आवडत असेल तर खोबरेल तेलाने, हलक्या हाताने आणि चट्टे न रगडता ती करावी. मोहरीचे तेल झोंबरे असते. धड त्वचेच्या बाळाला ते एक वेळ सोसेल, फुटलेल्या त्वचेला सोसत नाही. डाळीचे पीठ लावून लव निघेपर्यंत चोळणे तर अशा बाळाच्या बाबतीत साफ बंद करावे. साय, हळद, कडुलिंबाच्या पाल्याचे पाणी यांचाही मोह धरू नये.

धुरीविषयी स्पष्ट लिहिते. शेगडीतल्या निखाऱ्यांवर ओवा, वावडिंग आणि लसणाची साले टाकली की जो धूर होतो, त्याने मोठ्या माणसाचे डोळेही चुरचुरतात. मग पाच महिन्यांच्या पोरीच्या नाकाला, छातीला आणि कोरड्या गालांना त्याचा काय उपयोग? वर शेगडीची धग लागते ती निराळी. मावशींना दुखवायचे नसेल तर डॉक्टरांचे नाव पुढे करावे. डॉक्टरांनी मना केले आहे म्हटल्यावर त्या वाद घालत नाहीत.

वऱ्हाडी बाबा :

ताई, आमच्या मुलालाही याच वयात हाच त्रास होता आणि अकोल्याचा उन्हाळा व हिवाळा असे दोन्ही ऋतू आम्ही त्यात काढले. रात्र चांगली जाण्याची तयारी संध्याकाळी करावी लागते, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. बाळ रडत उठल्यावर जे काही सुचते ते सगळे तात्पुरते असते.

आम्ही अंघोळ सकाळऐवजी संध्याकाळी झोपण्याआधी ठेवली. पाणी कोमट, म्हणजे कोपर बुडवल्यावर ना गरम ना गार लागेल इतपत असावे आणि अंघोळ पाच ते दहा मिनिटांत आटोपावी. नेहमीचा साबण क्षारधर्मी असतो आणि त्वचा किंचित आम्लधर्मी, त्यामुळे साबण त्वचेवरचे उरलेसुरले तेलही काढून नेतो. त्याऐवजी बिनवासाचा, साबणविरहित सौम्य क्लिन्झर घ्यावा आणि तोही जिथे मळ आहे तेवढ्याच जागी वापरावा. नंतर जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने अंग न पुसता फक्त टिपून घ्यावे आणि त्वचा ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांच्या आत, मॉइश्चरायझर लावावे.

ते किती लावायचे, हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही. एवढ्या लहान बाळालाही सर्वांगाला दिवसातून दोन-तीनदा लावायचे तर आठवड्याला १०० ग्रॅमच्या आसपास लागते. ५० ग्रॅमची ट्यूब तुमच्याकडे महिनाभर पुरत असेल तर औषध चुकीचे नाही, हात आखडता आहे. महागडी लहान ट्यूब घेण्यापेक्षा परवडेल असा मोठा डबा घ्यावा. लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट या चार प्रकारांची तुलना ब्रिटनमध्ये ५५० मुलांवर केली गेली होती आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत कोणताही एक प्रकार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. बाळाला झोंबत नाही आणि घरातले सगळे कंटाळा न करता लावतात, ते चांगले. साधे पेट्रोलियम जेलीसुद्धा चालते. फक्त वास नसावा.

पाण्यावर खर्च करण्याचा विचार कोणी डोक्यात घातला तर तोही बाजूला ठेवावा. बोअरचे जड पाणी त्वचेला चांगले नाही हे खरे, पण घरात पाणी मृदू करणारे यंत्र बसवून मुलांचे इसब कमी होते का, याची ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली (२०११) आणि फरक आढळला नाही. अंघोळीच्या पाण्यात टाकायच्या तेलांचीही २०१८ साली हीच गत झाली. तो पैसा मॉइश्चरायझरवर जावा.

कपडे सुती आणि सैल असावेत, शिवणी व लेबले आतून टोचत नाहीत ना हे बोट फिरवून पाहावे. लोकरी टोपी आणि स्वेटर थेट अंगावर नको. नखे दर तीन-चार दिवसांनी कापून कानसाने गुळगुळीत करावीत. आणखी एक गोष्ट कोणी सहसा सांगत नाही : पॅराफिनयुक्त मलमे कपड्यांत आणि दुपट्यांत मुरली की ते कापड पटकन पेट घेते, म्हणून शेगडी, निरांजन आणि उदबत्ती यांच्यापासून बाळाला दूर ठेवावे. धुरी बंद करण्याला हे आणखी एक कारण.

ओपीडीनंतर :

मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळाला न पाहता उपचार सांगणे योग्य नाही आणि तुमच्या डॉक्टरांचा सल्लाच अखेरचा मानावा. तरीही वर्णनावरून त्यांचे निदान जुळते. या वयातले इसब गाल, टाळू आणि हातापायांच्या बाहेरच्या बाजूंवर येते आणि लंगोटाखालचा भाग ओलसर राहत असल्याने तो बहुधा सुटतो. मात्र एक शंका नेहमी फेडून घ्यावी. घरात आणखी कोणाला रात्रीची खाज सुटत असेल, किंवा बाळाच्या तळहातांवर, तळपायांवर, काखेत बारीक पुटकुळ्या असतील, तर ती खरूज असू शकते. खरजेची खाजही रात्रीच वाढते, तिचे औषध निराळे आहे आणि ते घरातल्या सर्वांनी एकाच दिवशी लावावे लागते.

रात्रीच का, असे पुष्कळ पालक विचारतात. झोपेच्या वेळी शरीर आतली उष्णता बाहेर टाकते, त्यामुळे त्वचा उबदार होते. त्वचेतून बाष्प अधिक उडून जाते. आणि सूज आवरणारे कॉर्टिसॉल हे शरीराचे स्वतःचे संप्रेरक रात्री सर्वांत कमी असते. इसब असलेल्या त्वचेचा बांध मुळातच कच्चा असतो, काही मुलांत फिलॅग्रिन हे प्रथिन जन्मतःच अपुरे असते. त्यावर गोधडी, टोपी, मोजे आणि बंद खिडक्या यांची भर पडली की खाज सुटणारच. खोली आपल्याला हलका गारवा जाणवेल इतकी असू द्यावी. बाळ गरम झाले आहे का हे हातपायांवरून कळत नाही, मानेमागे हात लावून पाहावे. घट्ट बांधून ठेवणे आणि झोळीत रात्रभर निजवणे टाळावे. सपाट, टणक गादीवर, पाठीवर, डोक्याजवळ उशी किंवा मोकळे पांघरूण न ठेवता निजवावे.

आता स्टेरॉइडच्या भीतीविषयी. ही भीती निराधार नाही, ती चुकीच्या ट्यूबवर बसली आहे. १ टक्का हायड्रोकॉर्टिझोन हे या वर्गातले सर्वांत सौम्य मलम आहे आणि सांगितलेल्या जागी, सांगितले तितके दिवस लावल्यास त्याने त्वचा पातळ होण्याचा धोका फारच कमी असतो. उलट शेजारच्या काकूंनी दिलेल्या ट्यूबवरची बारीक अक्षरे वाचावीत. त्यात क्लोबेटासॉल किंवा बीटामेथासोन, सोबत बुरशीचे आणि जंतूंचे औषध असे मिश्रण लिहिलेले असेल तर ती बाळाच्या गालाला अजिबात लावू नये. क्लोबेटासॉल हे सर्वांत तीव्र स्टेरॉइडांपैकी आहे. दोन-तीन दिवसांत चट्टे जातात ते त्यामुळेच, आणि लावणे थांबवले की अनेकदा दुप्पट जोराने परततात. अशा मलमांच्या गैरवापरामुळेच २०१८ साली केंद्र सरकारने अनेक स्टेरॉइड मलमे शेड्यूल एच मध्ये आणली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. ती तरीही कशी मिळतात, हे आपण सगळे जाणतो.

प्रमाणासाठी एक सोपे माप आहे. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून मलमाची एक रेघ काढली तर ते सुमारे अर्धा ग्रॅम भरते आणि मोठ्या माणसाच्या बोटांसह दोन तळव्यांएवढ्या जागेला पुरते. यावरून चट्ट्यांचा आकार पाहून अंदाज करावा. मॉइश्चरायझर सर्वांगाला, मलम फक्त लाल, खरखरीत जागी आणि दोहोंमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवावे.

तुमच्या आहाराविषयी : दूध, अंडी सोडण्याची गरज बहुतेक आयांना नसते. दूध पाजणाऱ्या आईने कोणाच्या सांगण्यावरून पथ्य पाळून स्वतःचे पोषण तोडू नये. वांग्याचे तर विनाकारण नाव खराब झाले आहे.

ताप, चट्ट्यांतून पाणी येणे, मधासारख्या पिवळ्या खपल्या किंवा एकसारख्या आकाराचे, खड्डे पडल्यासारखे दुखरे फोड यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. शेवटच्या प्रकारात नागिणीच्या जातीतल्या हर्पिस विषाणूचा संसर्ग असू शकतो आणि त्याला तातडीने औषध लागते.

रात्रपाळी :

डॉक्टरसाहेबांनी झोपेच्या सिरपविषयी लिहिले नाही, म्हणून मी लिहिते. आमच्या ओळखीत बाळ खाजेने झोपत नाही म्हणून सर्दीचे, गुंगी आणणारे सिरप द्यायचा सर्रास सल्ला मिळतो. कृपया देऊ नका. त्याने बाळ गुंगते, खाज जात नाही.

हातमोज्यांच्या बाबतीत मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. रात्री हातमोजे घालावेत असे सगळे सांगतात, पण मोज्यांच्या आतला सुटा धागा बाळाच्या बोटाला गुंडाळला जाऊन रक्तपुरवठा थांबू शकतो. घालायचेच असतील तर उलटे करून धागे कापावेत. त्यापेक्षा ज्या झबल्याच्या बाह्या पुढून दुमडून हात झाकता येतात, ते बरे.

गोदाकाठ :

सर्वांचे मनापासून आभार. काकूंची ट्यूब पाहिली. त्यावर क्लोबेटासॉलच लिहिले आहे. ती बाजूला ठेवली आहे आणि सासूबाईंनी वरचे सगळे स्वतः वाचले आहे. आजपासून खोबरेल, संध्याकाळची अंघोळ आणि डॉक्टरांनी दिलेले मलम. एवढी तयारी करूनही ती रात्री उठलीच, तर त्या क्षणी काय करावे?

वऱ्हाडी बाबा :

मोठा दिवा लावू नका, नाहीतर बाळ पूर्ण जागे होते आणि मग आपली रात्र गेली. आम्ही उशाशी एका वाटीत साधे पाणी, एक मऊ सुती रुमाल आणि मॉइश्चरायझरचा लहान डबा ठेवत असू. रुमाल भिजवून पिळायचा आणि खाजणाऱ्या जागेवर पाच-सात मिनिटे नुसता ठेवायचा, घासायचा नाही. बर्फ नको. नंतर लगेच त्याच जागी मॉइश्चरायझरचा जाड थर द्यायचा, अंगावरचा एखादा कपडा कमी करायचा आणि मगच पाजायला घ्यायचे. डबा दिवसा फ्रिजमध्ये ठेवला तर तो गारवा बाळाला आवडतो. डब्यात बोटे न घालता स्वच्छ चमच्याने काढून घ्यावे, जंतू जात नाहीत. ओल्या कपड्याच्या पट्ट्या रात्रभर बांधून ठेवण्याची जी पद्धत आहे, ती मात्र डॉक्टरांनी शिकवल्याशिवाय करू नये, बाळ गारठते.

माजघर :

येत्या महिन्यात उष्टावण असेल. तेव्हा जेवण गालांना लागून चट्टे वाढतात, त्याचे काय?

ओपीडीनंतर :

चांगला प्रश्न विचारलात, आजी. भरवण्याआधी ओठांभोवती आणि गालांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि जेवण झाल्यावर ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. लाळेसाठीही हाच उपाय. इसब आहे म्हणून अंडे आणि शेंगदाणा वर्षभर लांबवण्याची जुनी रीत आता उरलेली नाही. लंडनमध्ये तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या बाळांना चार ते अकरा महिन्यांच्या वयात शेंगदाणा सुरू केला, तेव्हा पाच वर्षांच्या वयापर्यंत त्यांच्यात शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली (२०१५). चट्टे तीव्र असतील तर सुरुवात आपल्या डॉक्टरांना विचारून करावी. अख्खा दाणा कधीही देऊ नये. अगदी बारीक वाटलेले कूट पातळ पेजेत कालवून, सकाळच्या वेळी, घरात कोणी सोबत असताना द्यावे. आणि शेंगदाण्याचे किंवा बदामाचे तेल फुटलेल्या त्वचेवर चोळू नये, कारण पोटाआधी त्वचेतून ओळख झाली तर ॲलर्जी जडण्याची शक्यता वाढते. लसी ठरलेल्या तारखांनाच द्याव्यात, इसबामुळे त्या पुढे ढकलण्याचे कारण नाही. मलम सुरू करून आठवडाभरात चट्टे उतरले नाहीत तर पुन्हा दाखवून घ्यावे आणि जाताना घरात वापरलेल्या सगळ्या ट्यूब व तेले पिशवीत घालून सोबत न्यावीत.