सगळी अ‍ॅप्स काढून निवांत जगायचंय, पण घरी जमत नाहीये. तुम्ही कसं करता?

निवांतपेठकर
नमस्कार मंडळी. कोथरूडला राहतो, ऑफिस हिंजवडीत, पण बरेच दिवस घरूनच काम असतं. हल्ली घराबाहेर पडायला कारणच उरलं नाहीये, दूध अ‍ॅपवर, भाजी दहा मिनिटांत दारात, बिलं फोनवर, बँकेचं तोंड बघून जमाना झाला. वेळ वाचतो म्हणतात, पण वाचलेला वेळ परत त्याच फोनमध्ये रील्स बघण्यात जातो. पोट सुटलंय, रात्री एकच्या आधी झोप नाही. म्हणून ठरवलं की डिलिव्हरीची अ‍ॅप्स काढायची, भाजी मंडईतून, पीठ गिरणीतून, मिक्सर बंद, माळ्यावरून खलबत्ता पण काढलाय. बायको म्हणाली "मग कूट पण तूच". स्टेप्स मोजणारं घड्याळ घेतलं तर दहा हजार होत नाहीत याचंच नवीन टेन्शन. मधला काही मार्ग काढलाय का कोणी?

शनिपारची_सून
वहिनींना माझा पाठिंबा. निवांत जगायचं म्हणजे बहुतेक घरांत बाईने दोन तास जास्त ओट्याशी उभं राहायचं असा अर्थ होतो, स्पष्टच लिहिते. माझ्या सासूबाईंनी पाटा-वरवंट्यावर अर्धं आयुष्य काढलंय, त्यांना कोणी म्हणालं ना की पाट्यावरच्या चटणीची चव वेगळीच, तर म्हणतात हो वेगळीच, ये वाटायला. मिक्सर, कुकर, वॉशिंग मशीन यांना हात लावू नका हो, त्यांनी कष्ट कमी केलेत. मी एवढंच बघते की या सोयीने माझे कष्ट वाचले की माझं चालणं आणि माणसं भेटणं गेलं? कपडे मशीनलाच टाकते. पण कोथिंबिरीची एक जुडी मागवायला अ‍ॅप नाही उघडत, खाली उतरते. भाजीवाल्या मावशी बोलता बोलता सांगतात आज मेथी घेऊ नका, पावसात भिजलीये. हे अ‍ॅप सांगणारे का?

टेकडीवाला
ते दहा हजाराचं टेन्शन आधी सोडा राव. तो आकडा काही डॉक्टरांनी काढलेला नाही, १९६५ साली जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र विकायला आणलं त्याच्यासोबत तो लोकप्रिय झाला. फायदा त्याच्या बराच आधी सुरू होतो. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, म्हणजे रोज साधारण अर्धा तास भरभर चाललात तरी झालं. तुम्ही कोथरूडला म्हणजे वेताळ टेकडी दाराशीच की, एआरएआयच्या बाजूने चढा नाहीतर एमआयटीच्या मागून. घड्याळ घरी ठेवून जा, मोर दिसला तर दिसला. मंडईचं म्हणाल तर वनाझहून मेट्रोत बसा, सिव्हिल कोर्टला बदला, थेट मंडई स्टेशन. येताना दोन पिशव्या घेऊन बसायला जागा मिळेल याची गॅरंटी मात्र मी देत नाही, त्यामुळे रोज नको, रविवारी ठीके.

चहा_कटिंग
खलबत्ता पितळी असेल आणि वहिनी वैतागल्या असतील तर सांगा, येऊन घेऊन जातो 😂

पेन्शनर_काका
घरपोच सामान हे काही नवीन नाही. आमच्या लहानपणी महिन्याची यादी वाण्याकडे टाकली की पोऱ्या सायकलवरून पोतं आणून टाकायचा, आई मोजून घ्यायची, त्याला पाणी द्यायची. त्यामुळे सोयीला नावं ठेवण्यात अर्थ नाही. फरक एवढाच की ती यादी महिन्यातून एकदाच जायची, तो वाणी दर दोन तासांनी नोटिफिकेशन पाठवत नव्हता. नोटिफिकेशन बंद करा, निम्मं काम तिथेच होतं. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावला २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत गावात टीव्ही-मोबाईल बंद, पोरं अभ्यासाला बसतात. आम्ही घरात तेच चालवलंय, भोंगा सोडून. नातू पहिले काही दिवस फुरंगटला, आता पत्ते मागतो. झोपताना सगळ्यांचे फोन हॉलमध्ये चार्जिंगला आणि उशाशी गजराचं साधं घड्याळ.

निवांतपेठकर
शनिपारताई, तुमची ती कष्टांची कसोटी बायकोला वाचून दाखवली, ती म्हणाली यांना चहाला बोलाव. काका, सात ते साडेआठ नेमके माझे अमेरिकेचे कॉल असतात, त्याचं काय करू?

पेन्शनर_काका
मग घ्या की कॉल, नोकरी सोडा कोण म्हणतंय. कॉल संपला की लॅपटॉप मिटतो आणि फोन उघडतो, तिथे अडवा स्वतःला. तुमचा भोंगा साडेनऊचा ठेवा.