साखर कारखान्याच्या देखभालीसाठी हलवता येणारे कामाचे दिवे : हॅलोजनऐवजी काय घ्यावे?

ऑफसीझन_ठेकेदार
नमस्कार मंडळी. गळीत हंगाम संपला की आमची बारा जणांची तुकडी साखर कारखान्यांत देखभालीची कामे घेते. इव्हॅपोरेटरच्या बॉडीतल्या (उसाचा रस आटवण्याच्या बंद भांड्यातल्या) नळ्या बदलणे, पॅनचे (साखर शिजवण्याच्या भांड्याचे) वेल्डिंग, मळीच्या टाकीच्या पत्र्याची डागडुजी, असे ते काम असते. आजवर ५०० वॉटच्या हॅलोजनवर भागले, पण बॉडीच्या आत तो अर्धा तास चालला की माणूस भाजून निघतो आणि हलवताना जरा धक्का बसला की त्याची नळी जाते. म्हणून गेल्या वर्षी १०० वॉटचे चार एलईडी फ्लडलाइट आणले. त्यांतले दोन पंधरा दिवसांत बंद पडले. वेल्डिंग मशीन ज्या जनरेटरवर होते त्यावरच हे दिवेही जोडलेले होते. पुन्हा खर्च करण्याआधी विचारतो : किती वॉटचे घ्यावेत, बॅटरीचे परवडतील का, आणि दिव्यावर आयपी६५ असे छापलेले असेल तर तो मळीच्या टाकीत उतरवायला हरकत नाही ना?

तारतंत्री
शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण त्यात जीव जाऊ शकतो. आयपी६५ म्हणजे दिव्यात धूळ शिरत नाही आणि पाण्याचा फवारा मारला तरी तो टिकतो, एवढेच. आतल्या ठिणगीने बाहेरचा वायू पेटणार नाही, याची हमी तो आकडा देत नाही. ती फक्त फ्लेमप्रूफ दिवा देतो, आणि डिस्टिलरीतल्या स्पिरिटच्या टाकीजवळ त्याखेरीज दुसरे काही नेऊच नये. मळीच्या टाकीत तर दिव्याच्याही आधी हवा तपासा. मळी आंबली की कार्बन डायऑक्साइड तळाशी साचतो आणि दिवा लख्ख जळत असतानाही आत उतरलेला माणूस कोसळतो.

आता विजेचे. बॉडीच्या आत चहूबाजूंनी ओले लोखंड असते आणि घामाने भिजलेला माणूस त्यालाच टेकून काम करतो, त्यामुळे २३० व्होल्टच्या हँडलॅम्पची वायर एका ठिकाणी सोलली गेली तरी पुरे. २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ३६-अ मध्ये, पुरेशी सुरक्षा साधने नसतील तर २४ व्होल्टपेक्षा जास्त दाबाचा हलवता येणारा दिवा टाकी, चेंबर, पाइप अशा बंदिस्त जागेत वापरू नये, असे घातले गेले ते याच कारणाने. २३० चे २४ व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर दोन स्वतंत्र गुंडाळ्यांचा घ्यावा. एकाच गुंडाळीच्या ऑटोट्रान्सफॉर्मरमध्ये २४ व्होल्टची बाजू मेनला जोडलेलीच राहते. ट्रान्सफॉर्मर मॅनहोलच्या बाहेर ठेवावा. आत नेला तर २३० व्होल्टची वायरही त्याच्यासोबत आत जाते, आणि हे मी डोळ्यांनी पाहिलेले आहे.

वायर मात्र जाड लागते. २४ व्होल्टवर १०० वॉटचा दिवा चार अँपिअरहून अधिक प्रवाह ओढतो, आणि १ चौरस मिमीच्या २० मीटर वायरमध्ये जवळजवळ तीन व्होल्ट वाटेतच जातात. २.५ चौरस मिमीची वायर घेतली तर सव्वा व्होल्टवर भागते.

तुमचे दोन दिवे गेले त्यात मला दिव्यांपेक्षा जनरेटरवर संशय आहे. वेल्डिंगचा आर्क पेटताना आणि तुटताना विजेचा दाब खालीवर होतो आणि एलईडीला वीज पुरवणारा स्वस्त ड्रायव्हर ते सोसत नाही. दिव्यांसाठी जनरेटर वेगळा ठेवावा.

लेथवाला_कोल्हापूर
वॉटच्या प्रश्नाचे सांगतो. ५०० वॉटचा हॅलोजन साधारण नऊ-दहा हजार ल्युमेन (उजेडाचे माप) देतो आणि चांगला १०० वॉटचा एलईडीही तेवढेच, म्हणजे उजेड तुम्हाला कमी पडत नव्हता. बॉडीत तो उलट जास्तच होतो. घासलेल्या ट्यूबप्लेटवरून (नळ्या बसवायच्या भोकांच्या पत्र्यावरून) परत डोळ्यांत येतो आणि भोकाच्या कडेची चीर दिसतच नाही. तिथे २०-३० वॉटचे दोन छोटे दिवे दोन बाजूंनी, पृष्ठभागाला जवळजवळ लागून तिरपे ठेवावेत. वेल्डिंगच्या कडेचा अंडरकट (तिथे पडलेली खाच) त्या सावलीतच दिसतो. समोरून झोत टाकला की सगळे सपाट वाटते.

आमच्या शॉपमध्ये आणखी एक अनुभव आला, तो मात्र लेथपुरता आहे. स्वस्त एलईडी ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. त्या उजेडात मिनिटाला १५०० फेऱ्यांनी फिरणारा चार जॉचा चक (चार जबड्यांनी काम पकडणारा लेथचा फिरता भाग) दोन लुकलुकींमध्ये बरोबर पाव फेरी फिरतो, त्यामुळे तो थांबल्यासारखा दिसतो. आमच्याकडे एका पोराने त्यावर हात ठेवायलाच घेतला होता. खरेदी करताना दिव्याकडे मोबाइलचा कॅमेरा धरून पाहावे. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर तो दिवा मशीनजवळ लावू नये.

ऑफसीझन_ठेकेदार
दोघांचेही आभार. मळीच्या टाकीचे ऐकून खरोखर घाबरलो, कारण आम्ही आजवर झाकण उघडून तासभर थांबायचो आणि सरळ उतरायचो. बॅटरीचे मात्र राहून गेले.

तारतंत्री
तासभर झाकण उघडे ठेवून भागत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने तो वरच्या झाकणातून आपोआप बाहेर पडत नाही. ब्लोअरने तळापर्यंत हवा सोडावी लागते, वायू मोजणारा मीटर दोरीने तळाशी सोडून पाहावा लागतो, आणि बाहेर एक माणूस दोर धरून उभा लागतोच.

बॅटरीचे दिवे बॉडीच्या आतल्या कामाला उत्तम, कारण वायरच नसते. १८ व्होल्ट, ५ अँपिअर-तासाच्या बॅटरीत ९० वॉट-तास असतात, म्हणजे ३० वॉटचा दिवा कागदावर तीन तास आणि प्रत्यक्षात थोडा कमी चालतो. एका दिव्यामागे दोन बॅटऱ्या ठेवा आणि चार्जर बगॅसच्या (उसाच्या चोथ्याच्या) धुळीपासून लांब लावा. बाहेरच्या गव्हाणीवर (कारखान्यात ऊस टाकतात तिथे) रात्रीचे काम असेल तर मात्र स्टँडवरचे मोठे फ्लडलाइटच घ्यावेत. त्यांच्या मागच्या फिनांवर (उष्णता सोडणाऱ्या पट्ट्यांवर) बगॅस साचतो, तो रोज झटकायला एक माणूस नेमून द्यावा.