‘सरोगेट’ आला, आली की आले?

अनुवादिका: ‘सरोगेट्स’ या २००९ सालच्या चित्रपटाची मराठी सबटायटल्स करीत आहे. माणसे घरी खुर्चीत पडून असतात आणि त्यांच्या जागी देखणे यंत्रदेह बाहेर वावरतात, हे कथानक परिचयाचे असेलच. आरंभीच एक देखणी तरुणी मारली जाते आणि तिला घरून चालवणारा मात्र एक स्थूल पुरुष निघतो. येथे मराठी क्रियापद अडते, कारण ‘ती बाहेर आली’ म्हणावे तर मृताशी प्रतारणा होते आणि ‘तो आला’ म्हणावे तर रहस्य आधीच फुटते. शिवाय मी योजलेल्या ‘प्रतिनिधी’ या शब्दापुढे तपासणाऱ्यांनी ‘नगरसेवक वाटतो’ असा शेरा मारला आहे.

वैयाकरणी: ‘प्रतिदेह’ म्हणावे. नपुंसकलिंगी मानल्यास आपला पेचही सुटेल.

लालबागकर: देह पुल्लिंगी आहे, महाराज. शिवाय ‘अँटिबॉडी’ला ‘प्रतिपिंड’ म्हणतात, त्यामुळे ‘प्रतिदेह’ ऐकून लस टोचल्यासारखे वाटते. आमच्या गिरणगावात याला सरळ ‘बदली’ म्हणत. माझे वडील काही वर्षे बदली कामगार होते. सकाळी पाळीच्या वेळी गिरणीच्या दारात उभे राहायचे, कायम कामगार गैरहजर असला तर त्याच्या मागावर काम करायचे, नाहीतर डबा न उघडता घरी परतायचे. आईला डब्याच्या वजनावरूनच कळायचे.

वैयाकरणी: प्रसंग हृद्य आहे, परंतु बँकेतल्या माणसाला ‘बदली’ म्हटले की गडचिरोली दिसते. आणि ‘बदल’ हा मुळात अरबी शब्द आहे.

सातारकर: अरबीच घ्यायचा तर ‘मुतालिक’ घ्या. वतनदार वाड्यात बसलेला आणि त्याच्या नावाने सारा कारभार मुतालिक पाहणारा, ही रचना या चित्रपटाच्या अगदी जवळची आहे. ‘प्रतिनिधी’लाही उगाच हिणवू नये, राजाराम महाराजांनी जिंजीत हे पद प्रल्हाद निराजींना दिले, तेव्हा त्याचा अर्थ नगरसेवक नव्हता. ‘मुतालिक’ आणि ‘तालुका’ यांचे मूळ ‘संबंध’ या अर्थाचे एकच, असा माझा तर्क आहे.

वैयाकरणी: तर्कच आहे तो. मला त्यात ‘संबंधित’पेक्षा ‘निर्बंध नसलेला’ या अर्थाचा ‘मुतलक’ अधिक संभवनीय दिसतो.

सातारकर: निर्बंध नसलेला मुतालिक आमच्याकडे तरी कुणी ठेवला नसता.

लालबागकर: बदली माणसाला इजा झाली, तर कायम कामगाराला घरी बसून काही होत नसे. चित्रपटातल्या त्या शस्त्राने मात्र यंत्राबरोबर खुर्चीतला मालकही मरतो. हा फरक तुमच्या मुतालिकात कुठे येतो?

सातारकर: मुतालिकाने धन्याच्या शिक्क्यानिशी केलेला कागद धन्याला बांधतोच की.

वैयाकरणी: मग ‘तोतया’ का नको? पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने आलेल्याला हाच शब्द लागला.

लालबागकर: तोतयाचा खरा माणूस नाहीसा झालेला असतो. येथे तो घरीच आहे, दाढीसुद्धा न करता.

अनुवादिका: आपल्या सर्वांची आभारी आहे. ‘सरोगेट’ हा शब्द तसाच ठेवते, कारण सरोगसीमुळे तो वाचकांच्या कानांवर आहे. अर्थात वाचकांना पुन्हा आईच आठवेल, ही भीती आहेच. परंतु त्या तरुणीचे काय करू? तूर्त ‘मृत व्यक्ती बाहेर आली’ असे लिहिले आहे.

सातारकर: ते नंतर पाहू. आधी ‘मुतालिक’मधला ‘लि’ ऱ्हस्व की दीर्घ, हे ठरवू. मोल्सवर्थचा कोश कुणाजवळ आहे?