पॅनिक, अँक्झायटी, फोबिया... हे सगळं एकच की वेगवेगळं?

डोंबिवलीची_ताई:
धाकट्या भावाबद्दल विचारायचंय, वय २८. दोन महिन्यांपूर्वी सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मुंब्र्याच्या पुढे गाडी सिग्नलला थांबली आणि याला एकदम धडधड, हाताला मुंग्या, दरदरून घाम, वाटलं आता गेलोच. ठाण्याला लोकांनी उतरवून बाकावर बसवलं, पाणी दिलं, दवाखान्यात पोचेपर्यंत स्वारी बऱ्यापैकी ठीक. ईसीजी, टूडी इको, थायरॉईड सगळं नॉर्मल. एक डॉक्टर म्हणाले गॅस, दुसरे म्हणाले पॅनिक, तिसऱ्यांनी अँक्झायटी म्हणून गोळी लिहून दिली. गुगल केलं तर दहा नावं निघाली. आधी तो फास्ट सोडून स्लोने जायला लागला, तेही दाराजवळ उभं राहून, आता गेल्या आठवड्यापासून तेही बंद, घरूनच काम. आई म्हणते लग्न लावून द्या. हे नक्की कशात बसतं?

चहाबाज_सातारा:
ताई, माझा प्रकार वेगळा, तुलनेसाठी सांगतो. मला पॅनिक अटॅक असा कधीच आला नाही, मला फक्त काळजी. मुलीची रिक्षा पाच मिनिटं लेट झाली की डोक्यात अपघातापासून हॉस्पिटलपर्यंत सगळा पिक्चर तयार, ती घरात आली की ईएमआय, ते झालं की गावच्या घराची कौलं. मान कायम आखडलेली, पहाटे तीनला झोप मोडणार. घरचे म्हणायचे आजोबांवर गेलाय. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सहा महिने किंवा जास्त, बहुतेक दिवस, अशी हरतऱ्हेची न आवरणारी काळजी असली तर ती जनरलाइज्ड अँक्झायटी. तुमच्या भावाचं तसं वाटत नाही.

समुपदेशक_पुणे:
धडधडीवरून प्रकार ओळखायला जाऊ नका, धडधड सगळ्यातच असते. भीती कशाची ते विचारा. लोकलमध्ये त्याला काय होईल असं वाटतं? गाडीचीच भीती, म्हणजे घसरेल, आपटेल, तर तो फोबिया. लोक बघतील, हसतील, फजिती होईल ही भीती असेल तर सोशल अँक्झायटी. आणि परत तसंच झालं आणि उतरता आलं नाही तर, असं असेल तर पॅनिक डिसऑर्डर, जोडीला अगोराफोबिया. (अगोराफोबिया म्हणजे मोकळ्या जागेची भीती असं सगळीकडे लिहिलेलं असतं, ते अर्धवट आहे. गर्दी, रांग, बस, लोकल, जिथून पटकन सटकता येणार नाही ती कुठलीही जागा.) नुसता एक अटॅक आला म्हणजे डिसऑर्डर नाही, असे अचानक अटॅक परत परत आले आणि पुढे महिनाभर किंवा जास्त त्याचाच धसका राहिला किंवा वागणं बदललं, तर म्हणतात. ओसीडी (तेच विचार, त्याच कृती परत परत) आणि पीटीएसडी (मोठ्या आघातानंतर राहणारा त्रास) पण तुम्हाला यादीत दिसले असतील, अमेरिकन वर्गीकरणात २०१३ पासून ते अँक्झायटीतून वेगळे काढलेत.
शेवटचं नाव मात्र सायकियाट्रिस्टला तपासून ठरवू दे. आणि गोळी कुठली ते बघा. काहींचा गुण यायला काही आठवडे लागतात, काही लगेच शांत करतात पण सवय लागते, अल्प्राझोलाम त्यातली. स्वतःच्या मनाने चालू-बंद नको.

रोखठोक_नाना:
आमच्या वेळी असली फॅडं नव्हती. रोज प्राणायाम करायला लावा, मोबाईल काढून घ्या.

चहाबाज_सातारा:
नाना, होतं की, फक्त नाव नव्हतं. आमची आत्या बावीस वर्षं एसटीत चढली नाही, आम्ही म्हणायचो तिला गाडी लागते. सख्ख्या भाच्याच्या लग्नाला आली नाही ओ ती, माझ्याच.

डोंबिवलीची_ताई:
काल रात्री विचारलं. तिसरं उत्तर निघालं, उतरता आलं नाही तर. खिशात गोळीची स्ट्रिप आणि पाण्याची बाटली घेतल्याशिवाय खाली दूध आणायलाही जात नाही हे मला कालच कळलं. मग काय करू, जबरदस्तीने बसवू गाडीत?

समुपदेशक_पुणे:
जबरदस्ती अजिबात नको. पण टाळू पण देऊ नका, टाळलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि भीती तिथेच मुरते. आधी डॉक्टर, मग थेरपिस्टबरोबर पायरी पायरीने, आधी नुसतं प्लॅटफॉर्मवर उभं राहणं, मग बिनगर्दीच्या वेळी एक स्टेशन. अटॅक काही मिनिटांत टोकाला जातो आणि आपोआप उतरतो, हे त्याला अंगावर अनुभवू दे, आणि दाराजवळ उभं न राहता आत बसून. तोवर टेलिमानसला, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन करा, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलतात.

डोंबिवलीची_ताई:
शुक्रवारची अपॉइंटमेंट मिळाली. डॉक्टर हो म्हणाल्या तर रविवारी दुपारी स्लोने कोपरपर्यंत, एकच स्टेशन, मी सोबत. म्हणतोय, कोपरला उतरून करायचं काय :)